यादीत न बसलेलं

बँकेचा माणूस सकाळीच आला, मिरजोळे एमआयडीसीत,
आमच्या फाउंड्रीचं मोल ठरवायला.
भट्टी मोजली. दोन लेथ. साडेतीन टनी क्रेन, गंजासकट.
वाळूचा ढीगसुद्धा पावलांनी मापला.
मागोमाग मी, स्टोअरकीपर, कागद घेऊन.
"आणखी काही?" तो म्हणाला.

आणखी यासीन मिस्त्री होते,
पण ते वस्तू नव्हेत.

जूनमध्ये बंदी लागली की ट्रॉलर वर ओढतात
आणि त्यांचे पंखे आमच्याकडे येतात:
कुणाचं पातं खडपावर दुमडलेलं,
कुणाला जाळ्याची दोरी अजून आवळलेली.
ठोकायचे, भरायचे, घासायचे, परत द्यायचे.
नारळीपौर्णिमेपर्यंत जेवायला फुरसत नाही.
ह्यावरच पगार निघतात, शेठ सांगतात,
आणि खोटं नाही ते.

मग बोटी जातात. शेड रिकामी.
त्या रिकामपणात ऋजुता शिवलकरने
पाच पात्यांचा पंखा काढला, डिझेल कमी खाणारा.
शेठ म्हणाले, तीन पात्यांवर माझ्या बापाने घर बांधलं.
तरी पितळ दिलं.
का दिलं, मला अजून कळलेलं नाही.

पहिला ओतला, तो तडकला.
दुसरा मिरकरवाड्याला बोटीवर चढला
तर बोट अशी थरथरली की तांडेलाच्या हातातला चहा सांडला.
कॉम्प्युटर म्हणत होता, सगळं बरोबर.

मिस्त्रींनी तो साखळीला टांगला.
डाव्या हाताने नुसता धरला,
तापाने फणफणलेल्या पोराचा खांदा धरावा तसा,
उजव्यात लाकडी हातोडी.
पाच पाती, पाच टोले.
चौथ्यावर थांबले.
"ह्यो बोबडा हाय."

ऋजुता हसली नाही.
फोन काढून म्हणाली, परत वाजवा.
अख्खी दुपार वाजवण्यात गेली, शेजारचा काजूवाला भांडायला आला.
संध्याकाळी पडद्यावर पाच रेघा, चौथी जरा बसकी.
मिस्त्री बघत राहिले,
आपलाच कान पहिल्यांदा बाहेरून दिसल्यासारखे.
मग कानस उचलली,
आणि तिच्या हातात दिली.

एका हाताने पोट भरायचं, दुसऱ्याने खेळायचं, शेठ म्हणतात.
मी मात्र पाहिलं होतं:
धरणारा हात नसता तर पंखा गरगर फिरला असता,
टोला बसलाच नसता.

हे बँकेच्या माणसाला कुठल्या रकान्यात सांगू?
कंपनीतली सगळ्यात महाग गोष्ट
रोज सव्वासहाला डबा घेऊन राजिवड्याच्या एसटीत चढते,
रात्री गुडघ्यांना तेल लावते,
आणि येत्या मे अखेरीस निवृत्त होते.

यादीच्या तळाला मी लिहिलं, इतर: निरंक.
सही करणार, तेवढ्यात आतून टोला आला,
ठण्.
आणि मागोमाग दुसरा, जरा कच्चा,
दुसऱ्या हाताचा.

निरंक खोडलं.
पुढे काय लिहायचं सुचेना.
जागा तशीच ठेवली, आणि सही केली.