अर्धा अंश

एकवीस सीझन पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काढले.
पहाटे साडेपाचला आत. बाहेर यायचो तेव्हा
हायवेवर गाड्यांचे दिवे लागलेले.
आत अर्धा अंश, थॉमसनचे खोके, ट्यूबलाइट,
आणि जॅकेटं घातलेले आम्ही सातजण
आपापल्या बोटांवर फुंकर घालत.

द्राक्षांना ऊन लागू द्यायचं नाही, हीच नोकरी.

साखरही मीच मोजायचो. काचेवर रसाचा एक थेंब,
यंत्र डोळ्याला लावून ट्यूबकडे धरायचं:
अठरा. पास.
माझी कुणी मोजली नव्हती.
मोजली तेव्हा तीनशे बारा.

पाय बधिर होतात ते गारठ्यानं, सगळेच म्हणायचे.
बाकीच्यांचे चहाबरोबर जागे व्हायचे,
माझे झोपलेलेच राहिले.
मग खोक्याची एक पिन गमबुटात शिरली
आणि चार दिवस माझ्याबरोबर कामाला आली.
कौसल्येला मोज्याचा वास आला म्हणून कळलं.

गंगापूर रोडला डॉक्टर निकुंभ कागद बघत म्हणाले,
डी जीवनसत्त्व नऊ! राहता कुठे हो तुम्ही?
नाशकातच, म्हटलं. दरवाजा लावून.

ते हसले नाहीत. आठवड्याला एक पुडी लिहून दिली.
"एवढ्यानं जखम भरेल असं समजू नका.
साखर खाली आणा, पायावर भार नको,
आणि जरा उन्हात बसा, माणसासारखे."

गांगुर्डे सिस्टर दिवसाआड पट्टी सोडतात.
जखम आधी दहाच्या नाण्याएवढी होती,
मग पाचाच्या.
दिवाळीपासून रुपयावर अडलीय.
चिल्लर व्हायला वेळ लागतो, काका, म्हणतात
आणि कात्री उकळत्या पाण्यात टाकतात.

अकरा वाजता गच्चीत खुर्ची.
समोर पांडवलेण्यांचा डोंगर, उघडाबोडका, खुशाल बसलेला.
शेजारच्यांनी फुटलेली द्राक्षं वाळत घातलीत,
घरच्यापुरता बेदाणा होईल.
मी त्यांच्याकडे बघतो. सवय आहे,
हात उठतो झाकायला.

बाराला खाली जायचं.
माझी चप्पल तोवर उन्हात पडलेली.
कौसल्या ती उचलून झटकते,
आत हात घालून बोटांनी चाचपते,
खडा, काटा, काहीही,
मग स्वतःचं पाऊल त्यात घालून
जरा वेळ तशीच उभी राहते.

तापलीय का गं?

थांबा की. बघतेय.