शून्यावरचं मेण

उणे आठ असलं की प्रश्न नसतो.
निळं मेण, बुचाने घासायचं, झोपायचं.
पण शनिवारी संध्याकाळी एंडेलच्या रिकाम्या तबेल्याबाहेर
काटा शून्यावर येऊन बसला
आणि हलेना.

एंडेलने उंबऱ्यावरचं बर्फ चिमटीत घेतलं,
वरच्या ओठाला लावलं,
मग मुठीत दाबलं. गोळा झाला. फुटला.
"जांभळं," तो म्हणाला, "पाच थर, पातळ."
मी म्हटलं, रेडिओ पहाटे उणे सहा सांगतोय.
"रेडिओ स्की करत नाही."

टेबलावर पालथ्या निजवलेल्या माझ्या दोन स्की.
इस्त्रीखाली मेण वितळलं की सुटतो तो वास:
विझलेली काडी, डिंक, थोडी शाळेची प्रयोगशाळा.
एंडेलला तो येत नाही आता. नाक गेलं, दोन वर्षं झाली.
तो धूर बघून इस्त्री उचलतो.

सगळं पायाखालच्या तीन वितींत आहे, त्याचं म्हणणं.
दाबलंस की धरायला हवं,
उचललंस की सुटायला हवं,
आणि मेण एकच.
"लग्नात नाही जमलं मला. इथे जमतं."
दर हिवाळ्यात तो हे म्हणतो
आणि त्याची बायको माइमू चहाचे पेले ठेवत
दर हिवाळ्यात
ऐकून न ऐकल्यासारखं करते.

रात्री घरी येऊन मी जांभळं खरवडून काढलं.
निळं लावलं.
सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, पोस्टात नोकरी करते,
माझं मलाही काही कळतं.

सकाळी एका शेतात पाच हजार माणसं आणि त्यांची वाफ.
माझा क्रमांक चार हजार तीनशे सोळा.
बंदूक पुढे कुठेतरी वाजली,
आमच्यापर्यंत हालचाल यायला अकरा मिनिटं लागली.
वीस किलोमीटर निळं खरं ठरलं.
मी मनात एंडेलशी बोलत होते, फार नम्रपणे.

मग पेइप्सी सरोवराकडून ढग आले.
बर्फ ना धड कोरडं ना धड ओलं,
चाकोरीच्या तळाशी काचेची चकाकी.
चढावर पाय दाबला. पाय मागे गेला.
पुन्हा दाबला. पुन्हा मागे.
शेवटी बदकासारखी फाकत निघाले,
बाजूने शाळकरी मुलं गेली,
दोन म्हातारे गेले, बटाट्याच्या भावावर वाद घालत.
हात दाखवून अवलक्षण.

रुमालासाठी खिशात हात घातला तर डबी.
जांभळी. सोबत अर्धं कापलेलं बूच.
मी ठेवली नव्हती.

आधी राग आला. बाकीचं नंतर.

स्प्रूसच्या झाडाखाली गुडघे टेकले,
बसपासाच्या कडेने निळं खरवडलं,
ओल्या तळावर मेण धरेना,
म्हणून आतल्या सदऱ्याच्या टोकाने पुसलं, फुंकर घातली,
पुन्हा पुसलं.
बोटं माझी राहिली नव्हती.
नऊ मिनिटं. पुढे गेलेली माणसं
एकशे चाळीसपर्यंत मोजली, मग सोडून दिलं.

उभी राहिले. दाबलं.
धरलं.
उचललं.
सुटलं.
एकतीस किलोमीटर उरले होते.
एका थांब्यावर ब्लूबेरीचं कोमट सूप,
पुढच्यावर खारवलेली काकडी,
आणि मध्ये नुसतं तेच,
धरणं, सुटणं, जंगल, धरणं.

सोमवारी एंडेलने माझ्या स्की खिडकीशी उलट्या धरल्या.
तो वाचतो तसं पत्रही कुणी वाचत नाही.
चिकटलेली एक हिरवी सुई,
कडेला उरलेली निळी रेघ.
रेघेवर बोट थांबलं, पण त्याबद्दल तो काही बोलला नाही.
"डाव्या पायाला घाईत लावलंस," एवढंच.

मी डबी टेबलावर ठेवली. आभार मानणार होते.
त्याने डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू कुणा परक्याची वस्तू.

"आण इकडे ती," स्वयंपाकघरातून माइमू म्हणाली.
"माझी आहे."

एंडेल स्की पुसत राहिला,
ऐकून न ऐकल्यासारखं.