नमुना क्रमांक एकवीस

खाण बंद पडली तेव्हा कासुबाचा बापच लहान होता.
टेकडी तेवढी मागे राहिली, काळी,
आणि ऑगस्टात वारा सुटला की ती
थोडी थोडी उठून
घरोघर जाऊन बसते.

मी चमचा घेऊन फिरते.
उंबऱ्याजवळचा एक चमचा,
चटईखालचा एक,
शाळेच्या झोपाळ्याखाली, पाय घासून घासून
खड्डा पडलाय, तिथला एक.
पिशवीवर आकडा घालते शिसपेन्सिलीने.
(शिसपेन्सिलीत शिसं नसतं.
इथे ते बाकी सगळ्यात आहे.)
संध्याकाळच्या बसने पिशव्या लुसाकाला जातात.

बाना कासुबा पहाटे अंगण झाडते,
पाणी शिंपडते, पुन्हा झाडते.
गल्लीत तिच्याइतकं लख्ख अंगण नाही.
तिला कसं सांगू, की लख्ख दिसणं
आणि लख्ख असणं
यांच्यामध्ये दोनशे किलोमीटर आणि एक यंत्र आहे.
ती विचारते, "माझं काही चुकलं का?"
नाही, बाई.
माती खाल्ली ती दुसऱ्यांनी, केव्हाच,
कोट घालून, टेबलाशी बसून.
आम्ही ती मोजतोय
तुझ्या पोरीच्या बोटातल्या थेंबात.

कासुबा सहा वर्षांची.
सातच्या पुढचा आकडा तिच्या हातून रोज निसटतो,
आणि शाळेतून चिठ्ठी येते: मुलगी हट्टी आहे.
माझ्या मागेमागे हिंडते,
मऊ माती कुठे मिळते ते दाखवते.
"इथली घे. इथली पटकन शिजते."

आंब्याखाली तिची भातुकली.
डब्याच्या झाकणात मातीचा न्शिमा,
कडेला भोपळ्याच्या पानांची भाजी.
आधी स्वतःच बोट चाटून बघते,
मीठ बरोबर आहे ना,
मग झाकण माझ्यापुढे धरते.
दारी आलेलं माणूस उपाशी जाऊ नये.

मी हातमोजे काढले.
उकिडवी बसले, गोळा उचलला,
ओठांपाशी नेला, खोटंखोटं चावले.
छान झालाय, म्हटलं.
"सगळा संपव," ती म्हणाली.

उरलेला पिशवीत बांधून घेतला.
क्रमांक एकवीस.
जागा: आंब्याखाली.
खोली:
इथे पेन्सिल अडली.

तोवर ती हात फ्रॉकला पुसून
दुसरा पाहुणा शोधायला निघाली होती.