वहीत एकशे सदतीस

दिगंबर वास्कर, सारसोळे गाव, नऊ नंबर.
माझ्या वहीत त्याचे एकशे सदतीस गोल.
तो म्हणतो एकशे एक्केचाळीस.
या चारांवरून आम्ही
अठरा वर्षं भांडतोय.

वही म्हणजे जुनी चलनं, पाठकोरी, सुतळीने शिवलेली.
तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात मी स्टोअरला,
तो लोडिंगला.
शनिवारी दुपारी कंपनीचा संघ:
तो सगळ्यांत पुढे,
मी रेषेबाहेर, पाण्याच्या कॅनशेजारी, पेन घेऊन.
चौथी डिव्हिजन.
हिच्या खाली काही नसतं,
सोसायटीच्या वॉचमनने हुसकलेली पोरं सोडून.

मिठागरात शिकला तो.
खारट पापुद्र्यात पाय रुतू नये म्हणून
टाच न टेकवता धावायचं,
ती सवय गवतावरही सुटली नाही.
मागून वाटायचं,
झोपलेल्या घरातून कुणीतरी
चपला हातात घेऊन निघालंय.
आणि तोंड मात्र उघडं:
"मना दे! मना दे!"
कोल्हापूरचे आमचे घोरपडे मास्तर ओरडायचे,
"आधी भाषा शिक की लेका, मग पास माग!"
तो भाषा शिकला नाही.
पास येत गेले.

एका मोसमात एकवीस.
नेरूळला एक पाठीवर आपटून गेला,
तो वळूनही बघत नव्हता.
लिहिला. गोल तो गोल.

मग ठाण्याच्या मोठ्या क्लबने बोलावलं.
नवे बूट, उधारीचे.
अकरा मिनिटं मिळाली, बॉलला चारदा पाय लागला,
यादीत नाव चुकलं: डी. वाडकर.
परतताना कळव्याच्या पुलावर
त्याने स्कूटर थांबवली, खाडीकडे बघितलं.
म्हणाला, "गवत लय मऊ होतं रं."
एवढंच.

कारखान्याला टाळं लागलं.
संघ आधी गेला, पगार मागून.
मग कोपरखैरणे, दिघा, कळवा, पुन्हा दिघा;
सामन्याला तीनशे रुपये आणि दोन उकडलेली अंडी.
घणसोलीत डावा गुडघा गेला.
ओला बांबू चिरावा तसा आवाज
मी रेषेवर ऐकला.
साडेबारा टक्क्यांतला प्लॉट
भावांनी आधीच विकून वाटून घेतलेला.
ऑपरेशन राहिलं.
पट्टा बांधून आणखी सहा वर्षं खेळला,
त्यांत नऊ गोल,
सगळे उजव्या पायाने, सगळे गोलपासून दोन हातांवर.

आता ते चार.
दोन मित्रत्वाच्या सामन्यातले, ते धरत नाहीत.
एक ऐरोलीत, अंधार पडला म्हणून
रेफ्रीने सोडून दिलेल्या सामन्यात.
चौथा त्याने मारला आणि डिफेंडरच्या नडगीला लागून आत गेला.
रेफ्रीने लिहिलं, स्वयंगोल.
दिगंबर म्हणतो, जातच होता.

तो डिफेंडर मी शोधून काढला.
कळव्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान,
डोळ्याला भिंग.
विचारलं, तर स्क्रू शोधत म्हणाला,
"माझाच तो.
सगळ्या खेळण्यात एकच गोल आहे हो माझा.
तो कशाला काढून घेताय?"

हे मी दिगंबरला सांगितलेलं नाही.

हल्ली तो सीवूड्सच्या टर्फवर पोरांना शिकवतो,
आठवड्यात दोन दिवस,
बाकीचे दिवस शाळेची बस.
पोरं केरळची, बिहारची, पुण्याची,
उंच इमारतींतून लिफ्टने उतरलेली,
आणि सगळी ओरडतात, "मना दे! मना दे!"
त्यांना वाटतं, फुटबॉलचाच शब्द आहे.

एखाद्याने गोल मारला
की दिगंबर जाळीपलीकडून माझ्याकडे बघतो.
वही घरी, माळ्यावर.
तरी मी खिसा चाचपतो.