तिसरा खटका

त्सियालाबाईंच्या बोर्डावरचा तिसरा खटका
रोज संध्याकाळी सातला पडतो.
सातलाच.

मी फ्रीजची पिन काढली, इस्त्रीची काढली,
गीझर सोडवला,
वायर म्हणून असेल ते सगळं उपटून
भिंती नागव्या केल्या.
खटका वर केला.
चार मिनिटं थांबला.
टक्.

"वझा असता तर..." बाई म्हणाल्या.
मी टेस्टर दातांत धरून कपाट सरकवलं.

मागे एक जादाची वायर, कापडी वेष्टणाची,
हातानं पीळ देऊन जोडलेली.
भिंतीत शिरत होती.
भिंतीपलीकडे एल्गुजा.

म्हाताऱ्यानं दार उघडलं,
आत नवा हीटर, विझत चाललेला लाल.
माझ्या हातातली पक्कड बघून म्हणाला,
"कुताईसीत अंधार होता तेव्हा.
तुमच्या बाजूला वीज यायची, आमच्या नाही.
वझानं दिली, एका बल्बपुरती.
पुढे कुणी विषयच काढला नाही."

एका बल्बपुरती!
नियमानं कापायलाच हवी होती.

बाई त्या पिळाशी वाकून उभ्या.
उलटा पिळलाय, म्हणाल्या. डावखुरा होता.
चष्मा पुसला, तो काही धुरकट नव्हता.

"जाड वायर, आणि त्याचा वेगळा खटका,
किती लारी होतील?"