वीज गेल्यावर

दुपारी दोनला वीज जाते
आणि फैसलाबादच्या आमच्या गल्लीतले
अडीचशे माग एकदम गप्प होतात.
कानांना आधी ते खरं वाटत नाही.
मग कबुतरं ऐकू येतात,
मग चहावाल्याचा स्टोव्ह,
मग नियामत चाचांचा खोकला.

चाचा आमच्याकडे थान मोजतात.
पूर्वी कव्वालांच्या ताफ्यात
दुसरी पेटी वाजवायचे.
दुसरी, हे ते दोनदा सांगतात,
पहिलीचा मान कुणी चुकून देऊ नये म्हणून.

पेटी सुताच्या कोनांमागे असते, पोत्यात गुंडाळलेली.
भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
एक पांढरी पट्टी दाबली की उठत नाही,
तिला नखाने वर काढायची,
शाळेच्या पोराला पहाटे उठवावं तशी.

"हात दाखव," म्हणाले पहिल्या दिवशी.
मी उजवा पुढे केला.
करंगळी आहे, मधलं बोट आहे.
त्या दोघांमधलं, अनामिका म्हणतात ते,
तीन वर्षांपूर्वी धोट्याने नेलं.
मालकाने पंधरा हजार दिले आणि आठवड्याची रजा.
कारकुनाने कागदावर लिहिलं: बोट, एक.

चाचांनी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं
तुटलेल्या धाग्याकडे बघतात तसं,
राग नाही, नुसती मोजणी.
सगळे म्हणाले होते, डाव्याने शीक.
ते म्हणाले, "आधी भाता. महिनाभर."

महिनाभर भाता.
डावा हात आत-बाहेर, आणि एकच षड्ज.
कनीजने विचारलं, काय शिकलात?
म्हटलं, श्वास घ्यायला.
"मग इतकी वर्षं माझ्या शेजारी
घोरत होतं ते कोण?"

गाणं जुनं आहे. दर गुरुवारी दर्ग्यात म्हणतात.
चारच ओळी.
कुणीतरी दारात उभं आहे,
आणि आत कोण आहे
त्याचं नाव शेवटपर्यंत येत नाही.
लहानपणी मी ते झोपेत ऐकायचो,
बापाच्या खांद्यावर,
त्याच्या सदऱ्याला पेंडीचा वास.

तिसऱ्या ओळीत सूर पंचमावरून
कोमल निषादाला हात घालतो
आणि तिथं नेमकं तेच बोट लागतं.
मी करंगळी ताणायचो. उशीर व्हायचा.
अर्ध्या मात्रेचा, पण दर वेळी.
तो लपवायला पुढचे सूर घाईने उरकायचो,
उशिरा आलेला कामगार हजेरी लावतो तसे.
चाचा मांडीवर तळहात आपटायचे:
"परत."

एक दिवस ते स्वतः गायला लागले,
खोकला घशातच दाबून,
आणि त्या जागी थांबले.
अर्धी मात्रा. माझ्यासाठी.

मला राग आला. पेटी सरकवून म्हटलं,
दया नको, सरळ गा.
"सरळच गातोय," ते म्हणाले.
"दारातला माणूस कडी वाजवून
लगेच आत घुसतो का?"
आणि विडी शोधायला लागले,
जी डॉक्टरने बंद केली आहे,
जी कानामागेच होती.

चौथी ओळ मला अजून येत नाही.
दर वेळी तीन वाजतात,
पिवळे दिवे थरथरतात
आणि गल्ली पुन्हा खडखडायला लागते.
मी पेटी तशीच टाकून उठतो.
ती पांढरी पट्टी दाबलेलीच राहत असणार,
भात्यातली उरलेली हवा
तिच्यातून वाजत असणार थोडा वेळ.
मला ऐकू येत नाही.
मी धोटा बसवतो, तीन बोटं आणि अंगठा.

पलीकडे चाचांचे ओठ हलत असतात.
थान मोजत असतील.
बहुतेक थान.