शेरा

रजिस्टरला पाच रकाने :
तारीख, वेळ, रंग, पीएच, शेरा.
चार मला भरता येतात.
पाचव्यात आडवी रेघ मारायचो.

काचेला आतून चिकटवलेली बोराएवढी कुपी,
तिच्यात औषधाचे चार थेंब.
निळी, तर झाडं उपाशी.
हिरवी, तर चाललंय ते चालू द्या.
पिवळी, तर पळा.
बाकीचं गहाणे सर मुलींना फळ्यावर सांगतात,
वायू विरघळला की पाणी आंबटतं, वगैरे.

सिलिंडर नागपूरला मिळतो.
आमच्या आश्रमशाळेच्या आसपास मिळतो गूळ, आणि मोह.
दोन लिटरची बाटली, गूळपाणी, मूठभर मोहफुलं,
झाकणातून सलाईनची नळी
दवाखान्यातल्या सिस्टरने धुऊन दिलेली, चाकासकट.
चाकावर मी बुडबुडे लावतो, दोन सेकंदांना एक,
कोणी आजारी असावं आत, तसा.
पहिल्याच दिवशी वासावर सर आले :
"नैताम, शाळेत भट्टी लावली का रे?"
म्हटलं, सर, झाडांसाठी आहे.
"आजवर कोणी झाडांचं नाव नव्हतं घेतलं."

चिला बोडीतला.
कोतऱ्या रैनूने ओढणीत धरलेल्या, अकरा.
दुपारी खिडकीतून ऊन आलं
की चिल्याचं पान न पान साबुदाण्याएवढा श्वास धरून बसतं,
पट्टी सात दाखवते.
सांजेला मात्र नळी पाण्यातून काढायची,
खिडकीबाहेर सोडायची.
(चाक आवळून ठेवलं तर बाटली फुटते. एकदा फुटली.)
रात्री झाडंही आपल्यासारखीच,
तेच घेतात, तेच सोडतात.

चैतात मी विसरलो.
मोह पडत होता. तीन वाजता टोपली, बॅटरी.
झाडाखालचा पाला जाळलेला, काळ्या भुईवर
पिवळं फूल अंधारातही दिसतं.
मी वेचत होतो.
इकडे कुपी पिवळी होत होती.

परतलो तेव्हा फटफटलं होतं.
प्रयोगशाळेचं बिनकडीचं दार सताड,
रैनू स्टुलावर.
ग्लासाने पाणी उचलायची, उंचावरून ओतायची,
उचलायची, ओतायची.
एक हात भरून आलेला, तो दुसऱ्याने धरलेला.
कोतऱ्या वर, पाण्याच्या सालीला तोंडं लावून.
माझ्याकडे तिने बघितलं नाही.
टोपली कुठे ठेवावी ते मला कळेना.

नंतर पट्टी बुडवली. सहाच्याही खाली.
नंतर रजिस्टर उघडलं, तर ते भरलेलं :
वेळ — कोंबडा एक डाव बोलला तवा.
रंग — मोहासारका.
पीएच — पट्टी कपाटात, चाबी मामापाशी.
शेरा — मासे पानी सोडून हवा पिऊन रायले होते.
तीन मेले. मामा मोहाले गेले.

महिन्याअखेर सरांनी खाली सही केली,
वाचून, की न वाचता, कोण जाणे.
खोडरबर माझ्याच खिशात होतं.

आता शेऱ्यात आकडा लिहितो : आठ.
सांजेला नळी काढतो, खिडकीबाहेर सोडतो,
कुपी हिरवी आहे की मला तशी दिसते,
म्हणून बॅटरी विझवून पुन्हा लावतो.
पायऱ्या उतरताना मागे चपला वाजतात,
कोणीतरी आत जातं,
नळी बाहेर आहे ना, हाताने चाचपतं.
मी वळत नाही.